चौकात गप्प उभे राहिलेले ढोल

एखादी गोष्ट आवडली नाही, तर आपला माणूस तोंडावर तसं म्हणत नाही. तो म्हणतो, "वेगळं होतं हं." त्यातला "हं" जरा लांबवतो, म्हणजे ऐकणाऱ्याने काय ते समजावं. त्या गणपतीत आमच्या ढोलताशा पथकाने जे वाजवलं, त्यावर एका संध्याकाळात इतक्या जणांनी मला "वेगळं होतं हं" ऐकवलं, की शेवटी एका बाईंना मी म्हणाले, "अहो, शिव्या द्या, पण हे नको." त्या माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत. नाही तर नाही.

फ्रँकफुर्टला लागून असलेल्या एश्बॉर्नमध्ये आमचं मराठी मंडळ आहे आणि मंडळाचं हे पथक मी चालवते. एरवी मी एका सॉफ्टवेअर कंपनीत दुसऱ्यांच्या चुका शोधायची नोकरी करते, त्यामुळे स्वभाव आधीच खाष्ट होता तो आणखी खाष्ट झाला आहे. पथकात बहुतेक सगळे पुण्यामुंबईचे आयटीवाले, काही गाड्यांच्या कंपन्यांमधले इंजिनिअर, आणि एक दातांची डॉक्टर, जिची थाप सगळ्यांत जोरकस आहे. सराव शनिवारी दुपारी, टायरच्या एका गोदामामागच्या आवारात. रविवारी नाही, कारण रविवारी इथे भिंतीत खिळा ठोकला तरी शेजारी दार वाजवतो.

वर्षातून एकदा, विसर्जनाच्या दिवशी, गावाच्या सभागृहासमोरच्या चौकात आम्हाला थोडा वेळ वाजवायची परवानगी मिळते. विसर्जन आम्ही तिथी बघून करत नाही, जवळचा शनिवार बघून करतो. बाप्पासुद्धा इथे वीकएंडलाच मोकळे होतात. त्या परवानगीसाठी, म्हणजे गेनेमिगुंगसाठी, मंडळाचे अध्यक्ष ऑर्डनुंग्जआम्टमध्ये, म्हणजे गावाच्या शिस्तीच्या कचेरीत, खेटे घालतात. ते मोटारीच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत, आवाज खणखणीत आहे, आणि रजा टाकून, आपली गाडी काढून मंडळाचं काम करतात. हे श्रेय त्यांचं आहे. पुढे मी त्यांच्याविषयी बरंच वाकडं बोलणार आहे, म्हणून आधीच सांगून टाकते.

त्या ढोलांसाठी लोक लांबून येतात. वर्षभर हळू बोलायचं, हळू दार लावायचं, पोरांना जिन्यात पळू द्यायचं नाही, आणि मग एक दिवस छाती दणाणेल असा आवाज. त्या आवाजात माणसं रडताना मी पाहिली आहेत. मी स्वतः ढोल कमरेला बांधते तो त्यासाठीच. तेव्हा लोकांना काय हवं असतं हे मला कळत नव्हतं, असं कुणी म्हणू नये.

माझी मुलगी लहानपणी पथकात होती. तेराव्या वर्षी तिने सोडलं. फेटा बांधून चौकात उभी असताना तिच्या वर्गातली मुलं आइस्क्रीम खात समोरून गेली, त्यांच्यातल्या एकाने हात हलवला, आणि घरी आल्यावर तिने फेटा सोफ्यावर टाकला तो पुन्हा उचलला नाही. मी रागावले, समजावलं, लालूचही दाखवली. उपयोग झाला नाही. आता ती कार्ल्सरूहेला कॉम्प्युटर शिकते आणि तिथल्या विद्यापीठाच्या तालवाद्यांच्या ग्रुपमध्ये वाजवते. मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये उत्तर देते. मराठी ती फक्त आजीशी बोलते, कारण आजीपुढे दुसरा इलाज नाही.

इथली आपली मुलं अशीच हातची जातात. भांडण नाही, तंटा नाही. आधी गणपतीला यायचं बंद होतं, मग दिवाळीला परीक्षा असते, मग एक दिवस लक्षात येतं की ती आपल्याकडे पाहुण्यासारखी येतात, चपला नीट लावून ठेवतात आणि निघताना आभार मानतात. माझी मुलगी त्याच वाटेला लागली होती आणि मला ते दिसत होतं. म्हणून उन्हाळ्याच्या सुरुवातीला ती घरी आली आणि पथकासाठी मला काहीतरी बसवायचं आहे म्हणाली, तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मला त्या वर्षी एवढंच हवं होतं: ती परत आली आहे, तर तिने आता राहावं.

तिची कल्पना अशी. पथक ओळीत उभं राहणार नाही. ढोलवाले चौकभर विखुरतील, लोकांच्या मधोमध, एकेकटे. सुरुवात एका ढोलावर नुसता तळहात घासून, टिपरू न वापरता. मग चौकाच्या दुसऱ्या टोकाकडून उत्तर. मग तिसरीकडून. आवाज कुठून येतो हे लोकांनी मान वळवून शोधायचं. थापा हळूहळू वाढत जातात, एकमेकींत मिसळतात, आणि ऐन भरात सगळं थांबतं. पूर्ण शांतता. ती मोजायची नाही. प्रत्येकाने सावकाश तीन श्वास घ्यायचे आणि ताशाकडे कान लावायचे. ताशा ती स्वतः वाजवणार होती. शांतता तिच्या ताशानेच मोडायची, आणि त्यानंतर आपला नेहमीचा पुणेरी ठेका, सगळे ढोल एकदम, जिवाच्या करारावर, लोकांच्या अगदी कानाशी.

"शेवटी तोच येणार, मग आधी एवढं ताटकळत कशाला ठेवायचं?" मी विचारलं.

ती जर्मनमध्ये म्हणाली, लोकांना तो दर वर्षी मिळतो, म्हणून आता कुणी ऐकत नाही. सगळे फोन वर धरून उभे असतात. मला त्यांना तो ठेका पहिल्यांदा ऐकल्यासारखा द्यायचा आहे.

मला तिचं म्हणणं पटलं. मुलगी म्हणून नव्हे. एवढ्या वर्षांत पथकात असा विचार करणारं दुसरं कुणी आलं नव्हतं म्हणून. सरावाला मात्र कुरकुर सुरू झाली. एक आर्किटेक्ट आहेत आमच्यात, घरांचे नाही, सॉफ्टवेअरचे. ते म्हणाले, "म्हणजे मी एवढा ढोल बांधून उभा राहणार आणि चार थापा मारणार? याच्यासाठी जिम लावलीय मी?" दुसरे म्हणाले, श्वास घ्यायचा सराव मी घरी करतो, नुसता श्वास घ्यायला शनिवार कशाला घालवू. पण दर शनिवारी ती कार्ल्सरूहेहून गाडी पकडून यायची, गाडी उशिरा आली की स्टेशनपासून पळत यायची, आणि हळूहळू सगळ्यांनाच त्या शांततेची चटक लागली. सगळ्यांनी एकदम थांबल्यावर गोदामावरच्या पत्र्याचा बारीक आवाज ऐकू यायचा. डॉक्टरीणबाई एकदा म्हणाल्या, "अगं, माझ्या अंगावर काटा आला." मी घरी येताना गाडीत गाणं म्हणत होते.

कपडेही तिनेच ठरवले. काळे. तिच्या ग्रुपमध्ये वाजवताना काळेच घालतात, म्हणजे लोक माणसांकडे न बघता आवाजाकडे बघतात.

"अगं, गणपतीत काळं?" मी म्हटलं.

तिने विचारलं, का नको? मला कारण देता येईना. माझ्या आईनेही मला कधी दिलं नव्हतं. "नाही म्हणजे नाही" एवढंच कारण आमच्या घरात चालायचं. शेवटी मी हो म्हटलं, आणि पथकातल्या सगळ्यांनी आपापल्या ऑफिसच्या काळ्या पँटी बाहेर काढल्या.

विसर्जनाच्या दिवशी ऊन चांगलं पडलं होतं. मंडपात गणपती, समोर चौक भरलेला, नऊवाऱ्या, पैठण्या, फेटे, पोरांच्या खांद्यावर भगवे झेंडे. आणि त्यांच्यात आम्ही, काळ्या शर्टात, एकेकटे उभे, कमरेला ढोल. मी बेकरीच्या दारापाशी होते. मुलगी चौकाच्या पार दुसऱ्या बाजूला, मंडपाला लागून, गळ्यात ताशा.

लोकांच्या मधोमध उभं राहण्याचा परिणाम काय होतो हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. ओळीत उभं राहून वाजवलं की लोक समोर असतात आणि काय बोलतात ते ऐकू येत नाही. विखुरलं की प्रत्येक वाजवणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना माणसं असतात, आणि ती बोलतात. आपण मराठीत बोललो की ते आपल्या घरातच राहतं, अशी इथे सगळ्यांची समजूत आहे. ट्राममध्ये शेजारी बसलेल्या माणसाच्या ढेरीवरही आपण मोकळेपणी चर्चा करतो. त्यातून आम्ही ढोल बांधून, खाली बघून गप्प उभे. आम्ही ऐकतोय हे कुणाच्या मनातच आलं नाही.

"हे काळे कपडे काय? सुतक आहे का यांच्यात कुणाला?" माझ्या उजवीकडच्या काकू म्हणाल्या. मी हातभर अंतरावर उभी होते.

पहिला तळहात ढोलावर घासला गेला. कुणीतरी "शूऽऽ" केलं, त्याला दुसऱ्याने "काय शू? सुरू तरी झालंय का?" म्हणून गप्प केलं. मग लांबून उत्तराची थाप आली आणि थोडा वेळ, अगदी थोडा वेळ, माना वळल्या. मी पाहिलं ते. एका लहान मुलाने बोट दाखवलं. तेवढंच. मग माना परत फिरल्या आणि बोलणं सुरू झालं.

"साउंड गेला वाटतं."

"माईक लावायला विसरले असतील. यांचं नियोजन म्हणजे."

"ढोल आणलेत का तबले?"

ड्युसेलडॉर्फहून एक कुटुंब आलं होतं, नवराबायको आणि कडेवर लेक. नवऱ्याने फोन वर धरला होता, तो त्याने खाली घेतला आणि बायकोला म्हणाला, "ह्याच्यासाठी मी सकाळपासून गाडी चालवली?" ती म्हणाली, "थांब रे, वॉर्मअप चालू असेल." मला इतका राग आला की माझी थाप अर्धा क्षण आधी पडली. मुलीने लांबून मान वर करून बघितलं. तिचा कान तसा आहे.

बाकीच्यांनी काय काय ऐकलं ते नंतर, गोदामाच्या आवारात ढोल उतरवताना कळलं. आर्किटेक्टांना एका गृहस्थांनी सरळ पाठीवर थोपटून म्हटलं होतं, "जोर लावा की राव, जेवला नाहीत का?" डॉक्टरीणबाईंच्या शेजारी एक आई आपल्या मुलीची समजूत घालत होती. त्या मुलीने ध्वज नाचवायचा म्हणून उन्हाळाभर घरी सराव केला होता आणि यंदा पथकात ध्वजच नव्हते. मंडळातल्या कुणी त्यांना ते कळवलंच नव्हतं. ती आई म्हणत होती, "बाळा, मोठ्या लोकांची पोरं वाजवतात तेव्हा आपल्याला कोण विचारतं." हे मात्र मला लागलं, कारण मोठी मी नाही, पण ध्वजांचं तिचं दुःख खरं होतं.

तरी आम्ही वाजवत राहिलो. थापा वाढल्या, जवळ आल्या, धातूच्या टोलाचा ठणका मध्ये पडू लागला, आणि शेवटी शेवटी काही लोक खरंच गप्प झाले. माझ्या शेजारच्या काकूंनी पर्स बंद केली. बरोबर भरात आलं असताना आम्ही थांबलो. सगळे एकदम, सुरी फिरवावी तसे. एवढं चांगलं आम्ही सरावातही कधी थांबलो नव्हतो.

मी पहिला श्वास घेतला. चौकात कारंज्याचं पाणी ऐकू आलं.

दुसरा श्वास घेतला. कुणीतरी कुजबुजलं, "पोलीस आले वाटतं."

तिसरा श्वास मी घेतच होते, तेवढ्यात मंडपातून अध्यक्षांचा आवाज आला, माईकवर, पूर्ण ताकदीने: "गणपती बाप्पा—"

आणि चौक ओरडला, "मोरया!"

त्यांना वाटलं असणार, काहीतरी फसलंय, सावरलं पाहिजे. आपल्याकडे कार्यक्रमात कुठे खड्डा पडला की तो असाच बुजवतात. लाइट गेले, वक्ते आले नाहीत, वधू तयार झाली नाही, काहीही असो. आणि ही हाक अशी आहे की तिला उत्तर न देणं शक्य नाही. डॉक्टरीणबाई ओरडल्या. आर्किटेक्ट ओरडले. मी पथक चालवते, त्या मुलीची आई आहे, ती शांतता कशी बसवली ते मला ठाऊक होतं. माझ्याही तोंडून "मोरया" गेला. देवाचं नाव आहे, त्याची मी कुणाकडे माफी मागणार नाही.

पण मी लगेच तिच्याकडे बघितलं. ताशाच्या दोन्ही काड्या तिने वर उचललेल्या होत्या. अजून काही बिघडलं नव्हतं. उलट, त्या आरोळीवर तिने ताशावर काड्या टाकल्या असत्या आणि आम्ही सगळे ठेका घेऊन कोसळलो असतो, तर चौक वेडा झाला असता. आता, मी मनात म्हणाले. आता टाक. सगळे ढोलवाले तिच्याकडेच बघत होते.

तिने काड्या हळूच खाली घेतल्या. वाजवलं नाही. ती तशीच उभी राहिली, समोर बघत.

मग कुणीतरी स्पीकरवर गाणं लावलं, लोकांनी शिट्ट्या मारल्या, आणि जे नाचायला आले होते ते नाचू लागले. ड्युसेलडॉर्फवाल्याने फोन पुन्हा वर केला. शेवटचा ठेका, ज्याच्यासाठी सगळे आले होते, तो ढोलांतच राहिला.

त्यानंतर "वेगळं होतं हं" सुरू झालं. एकाने विचारलं, "कन्सेप्ट काय होता?" आणि उत्तराची वाट न बघता वडापावच्या रांगेत गेला. चौकाच्या कडेच्या घरात एक जर्मन आजोबा राहतात, ते दर वर्षी आवाजाची तक्रार करतात. यंदा ते खाली उतरून आले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, या वेळी फारच सुखद झालं, पुढेही असंच ठेवा. त्या दिवशीचं ते एकमेव कौतुक. मला सगळ्यांत जास्त राग त्यांचा आला.

मुलीला मी गाडीत विचारलं, "तू का थांबलीस?"

"इस्ट एगाल," ती म्हणाली. जाऊ दे, काही फरक पडत नाही.

"आम्ही सगळे तुझ्याकडे बघत होतो. घाबरलीस का?"

तिने कानात इयरफोन घातले. माझा नवरा गाडी चालवत होता, त्याने आरशातून मला डोळ्यांनी खूण केली, सोड. मी सोडलं, पण मनातून नाही.

घरी सासूबाई होत्या. त्या तीन महिन्यांसाठी आल्या होत्या, मंडपात पहिल्या रांगेत बसून त्यांनी सगळं पाहिलं होतं आणि एका शेजाऱ्याबरोबर आमच्या आधी घरी पोचल्या होत्या. त्यांनी "वेगळं" वगैरे काही म्हटलं नाही.

"आजी, कसं वाटलं?" मुलीने त्यांना मराठीत विचारलं.

"मला नाही आवडलं," सासूबाई म्हणाल्या. "आधी वाटलं, कुणीतरी पाट्यावर वाटतंय. मग थोडं बरं झालं, तर तुम्ही थांबलात. देवापुढे असं चोरपावलांनी वाजवतात होय?"

"अहो आई, आल्या आल्या काय..." मी म्हणाले.

"तिने विचारलं म्हणून सांगते. आणि काळं घालायचंच होतं, तर हलव्याचे दागिने तरी घालायचे होतेस गं. संक्रांत झाली असती."

मुलगी हसली. त्या दिवसात पहिल्यांदा हसली आणि आजीच्या मांडीवर डोकं टाकून आडवी झाली. मी त्या दोघींना तसंच सोडून ढोलाच्या पिशव्या आत आणल्या. मला हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला स्टेशनवर सोडायला गेले. मी परत विचारलं, का थांबलीस. तिने मला मिठी मारली, आभार मानले आणि गाडीत चढली. मला वाटलं, संपलं. गेली.

मंडळाच्या ग्रुपवर पुढचा आठवडाभर लोकांनी तोंडसुख घेतलं. पथक आहे की शोकसभा. कला करायची तर हॉल घ्या, आमचे गणपती कशाला. एकाने आम्ही गप्प उभे असतानाच्या फोटोखाली झोपलेल्या माणसाचं चित्र टाकलं आणि त्याला पुष्कळ अंगठे मिळाले. माझा नवरा म्हणायचा, "वाचू नकोस." मी म्हणायचे, "वाचणार." मी सगळं वाचलं आणि प्रत्येकाचं तोंड लक्षात ठेवलं.

दोन आठवड्यांनी रविवारी दुपारी सभागृहातल्या छोट्या खोलीत आढावा बैठक होती. मी भांडायच्या तयारीनेच गेले. सुरू व्हायच्या जरा आधी दार उघडलं आणि मुलगी आत आली. मला न सांगता ती कार्ल्सरूहेहून आली होती. माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसली, पिशवी पायाशी ठेवली. मी विचारलं, तू कशी? ती जर्मनमध्ये म्हणाली, बैठक आहे ना.

जेवण, पार्किंग, स्वयंसेवक, सगळं भराभर उरकलं, कारण सगळ्यांना पथकावर यायचं होतं. आले.

"नेहमीचं उत्तम चाललेलं असताना हात घालायची गरज काय होती?"

"लोक नाचायला येतात हो. विचार करायला ऑफिस आहे."

"मी स्पष्टच बोलतो," एक जण म्हणाले. "आपला तो बाब्या. दुसऱ्या कुणाच्या मुलीने हे मागितलं असतं तर दिलं असतंत का?"

मी उभी राहिले. "दिलं असतं. आणून दाखवा अशी मुलगी. आणि ज्यांना ठेका हवा होता ना, त्यांच्यासाठी सांगते, त्या शांततेनंतर तोच होता! सगळे ढोल! तुम्हीच तो येऊ दिला नाहीत."

"मग आधी सांगायचं ना," अध्यक्ष म्हणाले. ते शांत होते, आणि मनापासून म्हणत होते. "मला कसं कळणार? मला वाटलं, विसरले सगळे. मी कार्यक्रम सावरला."

"तिने वाजवलं असतं तर सावरायची वेळ आली नसती," मागून कुणीतरी म्हणालं. "ऐन वेळी पोरगी गोंधळली. आता तिला काय बोलणार."

"हो, तिला काही बोलू नका," अध्यक्ष म्हणाले. "लहान आहे. इथे वाढलेली मुलं ही, त्यांना आपल्यातलं काय कळणार. नाही का? आपणच समजून घ्यायचं." हे सगळं त्यांनी तिच्यासमोर, मराठीत, माझ्याकडे बघून म्हटलं. मग तिच्याकडे वळले आणि आवाज मऊ करून, सावकाश, जर्मनमध्ये म्हणाले की बेटा, स्टेजवर विसरायला होतं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

मी तोंड उघडलं होतं. तिने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"आल्झो, काका," ती म्हणाली, आणि पुढचं मराठीत बोलली. सावकाश, शब्द शोधत, आजीशी बोलते तसं. "मी विसरले नाही. मी तुमच्या शेजारी उभी होते. तुमच्या इथे," तिने आपल्या खांद्यापाशी हात धरून दाखवला. "सगळे थांबले तेव्हा तुम्ही माईक घेतला. आणि त्या दुसऱ्या काकांना म्हणालात, जर्मन पोरीच्या हातात आपले ढोल दिले, की असंच होणार. मग तुम्ही बाप्पा म्हणालात."

अध्यक्षांच्या शेजारी बसलेले खजिनदार टेबलाकडे बघू लागले, त्यावरून ते दुसरे काका कोण हे सगळ्यांना कळलं.

"शांतता होती ना," ती म्हणाली. "त्यामुळे नीट ऐकू आलं. मग मला वाजवता नाही आलं. मला वाटलं, आपले म्हणजे कुणाचे?"

"अगं बेटा, ते असंच... बोलण्याच्या ओघात," अध्यक्ष म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "मला काय माहीत, तुला मराठी..."

"येतं मला," ती म्हणाली. "आजीला पण नाही आवडलं आमचं वाजवणं. तिने मला सांगितलं. तुम्ही पण सांगा, कुठे बोअर झालं. ते चालतं." ती थांबली, एक शब्द शोधला, सापडला नाही, सोडून दिला. "पण पुढच्या वर्षी मी परत वाजवणार आहे. पूर्ण. शेवटपर्यंत. आणि मी तिथेच उभी राहणार. तुम्ही पण तिथेच उभे राहा, माझ्या शेजारी."

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्या माणसासाठी दोन आठवडे साठवून ठेवलेलं माझ्याकडे बरंच होतं, पण आता त्यातला एकही शब्द बाहेर काढावासा वाटेना.

मुलगी माझ्याकडे वळली. घरात, गाडीत, फोनवर, इतक्या वर्षांत जे कधी झालं नव्हतं ते झालं. सगळ्यांसमोर ती माझ्याशी मराठीत बोलली.

"आई, सराव कधीपासून?"